वाचकांचे प्रश्न : कट्टरता पसरते कशी, आणि आपण काय करायचं?

कट्टरता आणि समाजातले संघर्ष या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यांपैकी निवडक प्रश्नांना या विषयाच्या अभ्यासकांनी दिलेली उत्तरं इथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मतं ठाम आहेत आणि मी ती जोरात मांडतो. घरचे मला ‘कट्टर’ म्हणतात. ठाम मत कुठे संपतं आणि कट्टरता कुठे सुरू होते?

आवाजाच्या पट्टीवरून हे ठरत नाही. सरकार बदला, कायदा रद्द करा, एखादी रूढी मुळापासून उपटून टाका, असं कोणी कितीही टोकाला जाऊन म्हटलं तरी ते लोकशाहीत बसतं. खरी खूण वेगळी आहे. ‘आमचा गट टिकायचा तर त्या गटाचं नुकसान झालंच पाहिजे’ हे एकदा मनात पक्कं झालं, की कट्टरता सुरू झाली. ते नुकसान बहिष्काराचं असेल, हाकलून देण्याचं असेल किंवा जीव घेण्याचं. समोरच्या माणसाने काय केलं याला मग किंमत राहत नाही, तो जन्माने कोण आहे एवढं पुरतं. त्यामुळे तडजोड करायला काही शिल्लकच उरत नाही.

दुसरी खूण आपल्याच बाजूकडे पाहिलं की दिसते. कट्टर गटाचा सगळ्यात जास्त राग असतो तो आपल्यातल्या समजूतदार माणसावर. शत्रू निदान शत्रू तरी असतो, हा ‘गद्दार’ ठरतो. तेव्हा स्वतःला दोन प्रश्न विचारा. आपल्या बाजूच्या कोणी चूक केली तर ती मला चारचौघांत बोलून दाखवता येते का? आणि काय समोर आलं तर मी माझं मत बदलेन, हे मला सांगता येतं का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर घरच्यांचा आक्षेप तुमच्या आवाजाला आहे असं समजा.

प्रश्न : गरिबी आणि शिक्षणाचा अभाव हीच कट्टरतेची मुळं आहेत ना? मग शाळा आणि रोजगार दिले की प्रश्न सुटायला हवा.

शाळा आणि रोजगार द्यायलाच हवेत, पण या कारणासाठी दिले तर निराशा होईल. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडणारे ओम शिनरिक्यो पंथाचे लोक कोण होते? त्यांच्यात हृदयावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता, नामवंत विद्यापीठांतून भौतिकशास्त्र शिकलेले तरुण होते. लेबनॉनमध्ये लढताना मेलेल्या हिजबुल्लाच्या सदस्यांची माहिती अर्थशास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा ते आपल्या वयाच्या इतर लोकांपेक्षा कमी गरीब आणि जास्त शिकलेले निघाले.

जर्मनीतले आकडे याहून बोलके आहेत. नाझी पक्षाला 1928 मध्ये 2.6 टक्के मतं होती. 1930 मध्ये ती 18.3 टक्के झाली आणि जुलै 1932 मध्ये 37.3 टक्के. मध्ये जागतिक मंदी आली, म्हणून ‘बेकारांनी हिटलरला निवडून दिलं’ असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात बेकार कामगारांचा ओढा कम्युनिस्टांकडे जास्त होता. नाझींच्या मागे मोठ्या प्रमाणावर गेले ते छोटे दुकानदार, कारागीर आणि प्रॉटेस्टंट भागातले लहान शेतकरी. म्हणजे ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांच्यापेक्षा, जे आहे ते जाईल या धास्तीत असलेले लोक. ‘आपली पत घसरतेय आणि कोणीतरी ती मुद्दाम घसरवतंय’ ही भावना रिकाम्या पोटापेक्षा जास्त धोकादायक असते.

मानसशास्त्रज्ञ आरी क्रुग्लान्स्की यांनी यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात असं मांडलं आहे : आपल्याला किंमत मिळावी ही गरज, त्या गरजेला दिशा देणारं कथानक, आणि ते कथानक खरं मानणारा गोतावळा. आमच्या मते यातला गोतावळा सगळ्यात कमी लक्षात घेतला जातो. बहुतेक माणसं विचार पटला म्हणून गटात जात नाहीत. मित्र, भाऊ, ऑनलाइन भेटलेला कोणी आपुलकीने बोलणारा माणूस यांच्यामागून जातात आणि विचार तिथे गेल्यावर शिकतात. पुढच्या बऱ्याच उत्तरांचा आधार हाच आहे.

प्रश्न : माझा भाचा 19 वर्षांचा आहे. वर्षभरात त्याचे जुने मित्र सुटले. रात्र रात्र ऑनलाइन असतो. एका समाजाविषयी सतत विखारी बोलतो आणि हटकलं तर ‘मस्करी होती’ म्हणतो. ताईने फोन काढून घेतला तेव्हा दोन दिवस जेवला नाही. मी त्याचा मामा. काय करू?

आधी ताईंना फोन परत द्यायला सांगा. रागाने नव्हे, ‘मी घाबरले होते म्हणून काढून घेतला’ असं सांगून. फोन काढून घेतला की दोन गोष्टी होतात. ‘घरचे तुला कधीच समजून घेणार नाहीत’ हे गटाने आधीच सांगून ठेवलेलं असतं, ते खरं ठरतं. आणि तो दुसऱ्या कुठल्या तरी फोनवरून त्याच लोकांशी बोलायला लागतो, फक्त आता तुम्हाला काही दिसत नाही.

आत ओढण्याची पद्धत समजून घ्या. सुरुवात उघड्या जागी होते : मीम, गेममधला चॅट, व्हिडिओखालच्या कमेंट. तिथला विखार विनोदाच्या वेष्टनात असतो. कोणी आक्षेप घेतला तर ‘मस्करी होती’ म्हणता येतं, आणि जो हसतो तो हळूहळू त्या भाषेला सरावतो. जे जास्त हसतात, जास्त लिहितात, त्यांना टेलिग्राम किंवा डिस्कॉर्डवरच्या बंद गटाचं आमंत्रण येतं. तिथून एखादा मोठा माणूस वैयक्तिक बोलायला लागतो. तो विचारसरणी शिकवत नाही, आधी विचारपूस करतो. ‘तुझ्यात काहीतरी आहे, इतरांना दिसत नाही ते तुला दिसतं.’ एकटं पडलेल्या मुलाला हे वाक्य महिनोन्‌महिने कोणी म्हटलेलं नसतं. मग छोटी कामं येतात : एक पोस्ट पसरव, एक पोस्टर बनव, रात्री जाऊन भिंतीवर स्टिकर लाव. प्रत्येक काम किरकोळ असतं, पण केल्यावर मागे फिरणं थोडं अवघड होतं, कारण मागे फिरायचं म्हणजे ‘मी केलं ते चूक होतं’ हे कबूल करायचं. शेवटी गट सांगतो की जुनी नाती कमकुवत करतात, ती तोड. जुने मित्र सुटले असतील तर ही पायरी सुरू झालेली असू शकते.

अशा वेळी आईवडिलांपेक्षा मामाचा उपयोग जास्त होतो, कारण रोजची भांडणं तुमच्यात आणि त्याच्यात नाहीत. आठवड्यातून एक ठरलेला वेळ त्याच्यासाठी काढा आणि तो चुकवू नका. समोरासमोर बसून ‘बोलूया’ म्हणू नका. शेजारी शेजारी असताना, चालताना, गाडीत, काहीतरी दुरुस्त करताना मुलं जास्त बोलतात. सुरुवातीच्या काही भेटींत तो विषय तुम्ही काढूच नका.

विषय निघाला की मुद्दे खोडायला जाऊ नका. त्या वादाची त्याला तालीम मिळालेली असते, तुम्हाला नाही. आकडेवारीला तो आकडेवारी देईल आणि प्रत्येक वाद जिंकल्यासारखा उठेल. त्याऐवजी गटाबद्दल विचारा. त्यांच्यात कोणी वेगळं मत दिलं तर काय होतं? सांगणारा माणूस स्वतः काय काम करतो, त्याला तू भेटलायस का? धोका असतो ती कामं कोणाच्या वाट्याला येतात आणि नाव कोणाचं होतं? असे गट सोडलेल्या लोकांशी झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतं की बहुतेक जण युक्तिवादाने हरून बाहेर पडले नाहीत. नेत्यांचा दुटप्पीपणा, आपसातल्या मारामाऱ्या आणि थकवा यांनी ते बाहेर पडले. तुमचे प्रश्न त्याच्या मनात आधीच असलेल्या शंकेला शब्द देतात. उत्तर लगेच मागू नका.

याला महिने लागतात, कधी वर्षं. डेन्मार्कमधल्या ऑर्हस शहराने पोलीस, शाळा आणि समाजकल्याण विभाग एकत्र आणून अशा तरुणांना मार्गदर्शक, अभ्यासात मदत, नोकरी आणि घर शोधायला मदत दिली. 2013 पर्यंत त्या शहरातून सुमारे 30 जण सीरियातल्या युद्धात गेले होते. 2014 मध्ये एकच गेला. सगळं श्रेय या कार्यक्रमाला देता येणार नाही, पण मार्ग तोच आहे.

दोन सावधगिऱ्या. एक : मित्र सुटणं, जागरण, चिडचिड ही नैराश्याचीही लक्षणं असतात. दोन दिवस न जेवणं हलक्यात घेऊ नका, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. दुसरी : काही खुणा दिसल्या की मामाचं काम संपतं आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवावं लागतं. हल्ला केलेल्या माणसाचं गुणगान आणि त्याच्या जाहीरनाम्यांचा संग्रह, शस्त्र किंवा रसायनांची जमवाजमव, ठरावीक जागेची पाहणी, एखाद्या तारखेचा उल्लेख, वस्तू वाटून टाकणं, निरोपासारखं बोलणं, ‘लवकरच कळेल सगळ्यांना’ अशी वाक्यं. एकट्याने दहशतवादी हल्ला केलेल्या किंवा आखलेल्या 119 जणांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे 64 टक्के जणांचा इरादा घरच्यांना किंवा मित्रांना आधी माहीत होता. बहुतेकांना वाटलं, ‘हा नुसतं बोलतोय.’ स्क्रीनशॉट घेताना तारीख, वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असे घ्या. त्याला धमकी देऊन सावध करू नका.

प्रश्न : मी 240 जणांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. दोन समाजांत तणाव असताना क्लिप यायला लागल्या की काय करावं ते सुचत नाही. एका अफवेने खरंच दंगल होते का?

नुसत्या अफवेने होत नाही. अफवा ज्या जमिनीवर पडते ती आधी तयार केलेली असते.

श्रीलंकेत 2018 साली काय झालं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस अंपारा गावात एका मुस्लिम कुटुंबाच्या खाणावळीत सिंहली गिऱ्हाइकाला रश्शात एक गोळा सापडला. ‘ही वंध्यत्वाची गोळी आहे, तुम्ही आमच्या अन्नात मिसळता’ असा आरडाओरडा झाला. गल्ल्यावरच्या माणसाला सिंहली नीट येत नव्हतं. जमावाने घेरल्यावर तो ‘हो, घातलं’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला आणि ते मोबाइलमध्ये चित्रित झालं. त्याला मारहाण झाली, खाणावळ फोडली, मशिदीवर हल्ला झाला. सरकारी प्रयोगशाळेत तो गोळा पिठाचा निघाला. मुळात अन्नात मिसळून माणसाला कायमचं वंध्यत्व आणणारी अशी गोळीच अस्तित्वात नाही.

पण तोवर ‘कबुली’ची चित्रफीत देशभर गेली होती. त्याच सुमारास तिथून खूप दूर, कँडीजवळ, वाहतुकीच्या भांडणातून चार मुस्लिम तरुणांनी एका सिंहली ट्रकचालकाला मारलं आणि मार्चच्या सुरुवातीला तो रुग्णालयात वारला. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. फेसबुकवर त्या एका कटाचे दोन भाग झाल्या. कँडीजवळच्या दिगना गावाच्या परिसरात घरं, दुकानं, मशिदी जाळल्या गेल्या. 6 मार्चला आणीबाणी पुकारली गेली आणि नंतर फेसबुक, व्हॉट्सॲप बंद केलं गेलं. तिथल्या आपल्या भूमिकेबद्दल फेसबुकने 2020 मध्ये माफी मागितली.

यातले सुटे भाग पाहा. ‘ते आपली संख्या कमी करायला टपलेत’ हे कथानक अनेक वर्षं पेरलेलं होतं. मग एक संदिग्ध पुरावा मिळाला, ज्यात ऐकणाऱ्याला हवं ते ऐकू येईल. मग एक खरी, दुःखद, पण असंबंधित घटना घडली. मग ठिकाण आणि वेळ सांगून जमाव गोळा करणारी माणसं आली. आणि या सगळ्या काळात खात्रीची माहिती देणारा अधिकृत आवाज उशिरा आला. तुमच्या ग्रुपवर येणारी क्लिप या साखळीतली एक कडी आहे, म्हणून ती तोडता येते.

तणावाच्या काळात पहिलं काम : ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ हे सुरू करा आणि किती वेळासाठी ते लिहा, उदाहरणार्थ ‘उद्या सकाळी 9 पर्यंत’. कारण न सांगता बंद केलंत तर लोक दुसरा ग्रुप काढतात आणि तिथे तुम्ही नसता. आलेली क्लिप ॲडमिन म्हणून सगळ्यांसाठी डिलीट करा. पाठवणाऱ्याला ग्रुपवर झापू नका, त्याला फोन करा. चारचौघांत अपमान झाला की माणूस क्लिपची बाजू घेऊन भांडायला लागतो, एकट्याला विचारलं की बहुतेक वेळा ‘मला पण आलेली, मी पुढे ढकलली’ म्हणतो.

तपासणी अशी करा. संदेशावर दोन बाणांची खूण असेल तर तो पाच किंवा अधिक हातांतून आलेला आहे, म्हणजे पाठवणाऱ्याला मूळ ठाऊक नाही. व्हॉट्सॲपने एप्रिल 2020 मध्ये असे संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतील असा नियम केला, तेव्हा त्यांचं प्रमाण 70 टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. एवढ्याशा अडथळ्याने इतकं घटतं, यावरून किती जण विचार न करता पुढे पाठवतात ते कळतं. चित्रफितीतली स्पष्ट दिसणारी दोन-तीन दृश्यं थांबवून त्यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्स किंवा टिनआय या, चित्रावरून त्याचं मूळ शोधणाऱ्या सेवांवर शोधा. सापडलं नाही तर चित्र आरशासारखं उलटं करून पुन्हा शोधा, कारण ओळख लपवायला ते उलटवलेलं असतं. दुकानाच्या पाट्या, वाहनांचे क्रमांक, पोलिसांचा गणवेश, झाडांवरची पालवी यांवरून जागा आणि ऋतू जुळतो का ते बघा. सगळ्यात अवघड असतात त्या आवाजाच्या क्लिप, त्यांचा असा शोध घेता येत नाही. तिथे एकच निकष वापरा : बोलणारा स्वतःचं नाव, जागा आणि तारीख सांगतो का? ‘माझ्या मित्राचा भाऊ पोलिसात आहे’ एवढंच असेल तर ती केराच्या टोपलीत टाका.

खुलासा लिहिताना आधी खरी गोष्ट लिहा, मग अफवेचा एकदाच उल्लेख, मग ती चूक का आहे, आणि शेवटी पुन्हा खरी गोष्ट. मोठ्या अक्षरात अफवाच लिहून खाली ‘हे खोटं आहे’ म्हटलं तर अफवाच लक्षात राहते. आणि एक वाक्य ग्रुपवर कधीही चालू देऊ नका : ‘खरं-खोटं माहीत नाही, पण सावध राहा.’ या वाक्याच्या आडून जबाबदारी न घेता काहीही पसरवता येतं.

तुमच्या खुलाशाचा वेग अफवेला गाठू शकणार नाही, हे गृहीत धरा. ट्विटरवरच्या सुमारे 1,26,000 बातम्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. 1,500 लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीपेक्षा सुमारे सहापट वेळ लागला. आणि हे यंत्रांमुळे नव्हे, माणसांमुळे घडलं. खोटी बातमी जास्त नवी, जास्त धक्कादायक वाटते. म्हणून ग्रुप थांबवणं हा खुलाशापेक्षा मोठा उपाय आहे.

प्रश्न : हे सगळं समाजमाध्यमांच्या अल्गोरिदममुळे होतं, असं म्हणायचं का?

अर्धं खरं आहे. अल्गोरिदम म्हणजे कोणाला कोणती पोस्ट दाखवायची ते ठरवणारं गणित. फेसबुकच्याच 2016 मधल्या एका अंतर्गत सादरीकरणात नोंद होती की अतिरेकी ग्रुपांत सामील झालेल्यांपैकी 64 टक्के लोक फेसबुकच्याच शिफारशींवरून तिथे गेले. हे नंतर वृत्तपत्रांनी उघड केलं. 2017 पासून काही काळ तिथे रागाच्या इमोजीला साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन होतं. लोकांना चिडवणारी पोस्ट जास्त लोकांना दिसणार हे गणितातच होतं. ही कंपनीने केलेली निवड होती आणि तिचा जाब विचारलाच पाहिजे.

उरलेलं अर्धं रवांडात दिसतं. तिथे 1994 मध्ये सुमारे 100 दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, तेव्हा अल्गोरिदम नव्हता, रेडिओ होता. जुलै 1993 मध्ये सुरू झालेलं आरटीएलएम केंद्र आधी लोकप्रिय गाणी आणि गप्पांमुळे घराघरांत पोहोचलं. मग तुत्सी या तिथल्या अल्पसंख्य समाजाला ‘झुरळं’ म्हणणं रोजचं झालं. कत्तल सुरू झाल्यावर निवेदक नावं, पत्ते, मोटारींचे क्रमांक वाचून दाखवत. पण रस्त्यांवरचे अडथळे स्थानिक अधिकाऱ्यांनी आणि सशस्त्र टोळ्यांनी उभे केले होते, रेडिओने नव्हेत. माध्यम बोट दाखवतं, हात संघटनेचे लागतात. फक्त ॲपला दोष देऊन थांबलो तर ती संघटना सुटते.

प्रश्न : अशा गटांवर सरसकट बंदी घालून सगळ्यांना आत का टाकत नाहीत?

कोणाला आत टाकलं यावर परिणाम अवलंबून असतो. उत्तर आयर्लंडमध्ये 9 ऑगस्ट 1971 रोजी पहाटे खटल्याविना स्थानबद्धता सुरू झाली आणि 342 जणांना उचललं गेलं. याद्या जुन्या होत्या. अनेकांचा हिंसेशी संबंध नव्हता, शंभराहून अधिक जणांना दोन दिवसांत सोडावं लागलं. जवळजवळ सगळे एकाच, कॅथलिक राष्ट्रवादी समाजातले होते. दुसऱ्या, म्हणजे ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या प्रॉटेस्टंट बाजूच्या सशस्त्र गटांतला एकही नव्हता. हिंसा कमी झाली नाही, भडकली. 1972 हे तीस वर्षांच्या त्या संघर्षातलं सर्वाधिक बळींचं वर्ष ठरलं. जी कुटुंबं कुंपणावर होती त्यांना सरकारनेच आयआरए या राष्ट्रवादी सशस्त्र संघटनेकडे ढकललं. तो संघर्ष 1998 च्या करारापर्यंत चालला आणि सुमारे 3,500 माणसं गेली.

बंदी उपयोगी पडते ती गुन्हा केलेल्या माणसावर, पुराव्यावर आणि दोन्ही बाजूंना सारख्या मापाने लावली तर. त्याच वेळी त्या समाजाची रास्त तक्रार मांडायला उघडा राजकीय मार्ग हवा. यातलं एक जरी सुटलं तरी बंदी ही भरतीची जाहिरात होते.

प्रश्न : दोन्ही बाजू ‘सुरुवात त्यांनी केली’ म्हणतात. माझ्यासारख्या साध्या माणसाने कोणाला समजवायचं?

आपल्या बाजूला. समोरच्यांना समजावणं तुमच्या हातात फारसं नाही, ते तुमचं ऐकणार नाहीत. दोन कट्टर गट एकमेकांच्या जिवावर जगतात. एकाचा हल्ला हा दुसऱ्याचा पुरावा असतो, आणि अनेक हल्ले समोरच्याने अंदाधुंद प्रत्युत्तर द्यावं म्हणूनच केलेले असतात. ही साखळी तुटते ती एका बाजूच्या माणसांनी आपल्या गुन्हेगाराला स्वतः पाठीशी घालणं सोडलं की. मग समोरच्यांना सगळ्या समाजावर सूड उगवायचं कारण राहत नाही.

याचं आमच्या दृष्टीने सर्वांत चांगलं उदाहरण फिनलंडचं. तिथली लापुआ चळवळ कम्युनिस्टविरोधी म्हणून सुरू झाली आणि अपहरण, मारहाणीवर गेली. 1931 मध्ये स्विन्हुफ्वुद राष्ट्राध्यक्ष झाले ते या चळवळीच्या पाठिंब्याने. फेब्रुवारी 1932 च्या अखेरीस तिचे सशस्त्र लोक मँत्सेले इथे जमले आणि सरकारने राजीनामा द्यावा म्हणू लागले. स्विन्हुफ्वुद यांनी रेडिओवरून त्यांना घरी जायला सांगितलं : साधे सदस्य शांतपणे परतले तर त्यांना शिक्षा नाही, म्होरक्यांना मात्र आहे. बंड विरलं. नंतर चळवळीवर बंदी आली, आणि तीही कम्युनिस्टांविरुद्ध याच चळवळीच्या दबावाखाली केलेल्या 1930 च्या कायद्याखाली. हेच भाषण एखाद्या डाव्या नेत्याने केलं असतं तर बंड पेटलं असतं. ते आपल्या माणसाने केलं म्हणून ऐकलं गेलं.

तुमच्या पातळीवर याचा अर्थ एवढाच की आपल्या लोकांत कोणी मारण्याची भाषा केली की तिथेच, लगेच, ‘हे मला मान्य नाही’ म्हणायचं. लांब भाषण नको. पहिला माणूस बोलला की गप्प बसलेल्यांतले दोघं-तिघं त्याच्यामागे उभे राहतात.

प्रश्न : द्वेष पसरवणाऱ्यांचा मोर्चा निघाला तर विरोधात मोर्चा काढावा का?

काढा, पण झटापट होणार नाही एवढं अंतर ठेवून. झटापटीचं चित्रण हेच त्यांना हवं असतं. जर्मनीतल्या वुन्झीडेल गावाने 2014 मध्ये वेगळं केलं. दरवर्षी येणाऱ्या नव-नाझी मोर्च्याच्या प्रत्येक मीटरमागे स्थानिक दात्यांनी 10 युरो द्यायचं जाहीर केलं, रस्त्यावर अंतराच्या खुणा आखल्या. मोर्चेकरी चालले आणि 10,000 युरो जमा झाले ते एग्झिट-डॉइच्लांड या, नव-नाझींना गटाबाहेर पडायला मदत करणाऱ्या संस्थेसाठी.

प्रश्न : माझा एक मित्र अशा गटातून बाहेर पडलाय. त्याच्याशी कसं वागू?

गट सोडणं आणि विचार सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीला जास्त वेळ लागतो. तो अजून अधूनमधून जुन्या भाषेत बोलेल. दचकू नका, पण मान्यही करू नका. त्याने एका झटक्यात मित्र, दिनक्रम, कधी उत्पन्न आणि ‘मी कोणीतरी आहे’ ही भावना गमावली आहे. सगळ्यात धोक्याच्या असतात त्या रिकाम्या संध्याकाळी, तेव्हाच जुने फोन येतात. नंबर बदलायला, जुनी खाती बंद करायला मदत करा, पण धमक्यांचे संदेश असतील तर खातं बंद करण्याआधी ते जपून ठेवा आणि पोलिसांना दाखवा. अंगावर गटाची गोंदणं असतील तर ती काढायला किंवा झाकायला त्याच्याबरोबर जा, नोकरीच्या मुलाखतीत ती आड येतात. त्याने कोणाला इजा केली असेल तर त्याची कायदेशीर जबाबदारी त्याला घ्यावी लागेल. तुम्ही वकील शोधून द्या, पळवाट शोधून देऊ नका. ज्यांना त्रास दिला त्यांची माफी मागायची घाई त्याला झाली तरी, समोरच्यांना भेटायचंय का हे आधी मध्यस्थाकरवी विचारा. आणि ‘तुझी कहाणी सांग’ म्हणत व्यासपीठावर बोलावणारे लवकरच येतील. नवं काम आणि नवी माणसं अंगवळणी पडेपर्यंत त्यांना त्याच्या वतीने तुम्ही नकार द्या.